मापाचा कम्प्युटर

आर्णीचे जलालभाई टेलर रागावले की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. इतका खाली जातो की समोरच्याला ऐकण्यासाठी पुढे वाकावं लागतं. तो वाकला की त्याची कॉलर त्यांना जवळून दिसते. कॉलर बहुधा रेडीमेड असते. मग राग वाढतो.

रेडीमेडवरचा हा राग वीस वर्षांचा, चांगला मुरलेला आहे. एके काळी लग्नसराईत त्यांच्याकडे दीड महिना आधी कपडा टाकावा लागे. आता लोक पॅन्ट ऑनलाइन मागवतात आणि लांबी कमी करायला त्यांच्याकडे आणतात. परवा एकाने आणलेल्या पॅन्टचा एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड निघाला. जलालभाईंनी तिची व्यवस्थित घडी घालून परत दिली. म्हणाले, "कंपनीले तुया पाय पाठव. थे करून देतील बरोबर."

घरात ते हिंदी बोलतात. राग मात्र वऱ्हाडीतच येतो, त्यामुळे दिवसातला बराच वेळ ते वऱ्हाडीतच असतात.

त्यांची मुलगी कहकशां हीसुद्धा कातरकामच करते, फक्त सिनेमाचं. नटी नाचते एखाद्या गोदामासमोर आणि पडद्यावर दिसते बर्फाच्या डोंगरात. ती तिथं पोचण्याआधी कुणीतरी तिला गोदामापासून केसाकेसाने कापून वेगळं करावं लागतं, सेकंदाला चोवीस वेळा. नागपुरात हे काम शिकून आलेल्या कहकशांला हैदराबादच्या एका स्टुडिओने घरबसल्या काम देऊ केलं होतं. अट एकच. चाचणीचा शॉट सोमवारी सकाळी पोचला पाहिजे. तिच्या लॅपटॉपवर तो शॉट नुसता उघडायलाच अर्धी दुपार जायची. म्हणून शनिवारी बापलेक कम्प्युटर घ्यायला यवतमाळला निघाले.

एसटीत तिने समजावलं, "अब्बा, रॅम म्हणजे आपलं कापायचं टेबल. जेवढं मोठं, तेवढा कपडा एका वेळी पसरतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे मशीन. हार्ड डिस्क म्हणजे कपाट."

"टेबल केवढं पायजे?"

"चौसष्ट."

पुढचं त्यांना फारसं कळलं नाही. पण टेबल लहान असलं की काय होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

दुकानदाराचं नाव धरमसिंग. त्याने जलालभाईंना खुर्ची दिली आणि प्रश्नही त्यांनाच विचारला. "कोणत्या रेंजमधला पाहून राह्यले, चाचा?"

कहकशां म्हणाली, "चौसष्ट जीबी रॅम पायजे. मोठे शॉट असतात, त्यामुळे—"

"ताई गेम खेळते का?" धरमसिंगाने जलालभाईंनाच विचारलं.

"थे इथं उभी आहे," जलालभाई म्हणाले. "तिलेच विचार."

विचारण्याऐवजी धरमसिंगाने एक बटण दाबलं. काचेच्या पेटीत लाल, निळे, हिरवे दिवे उरुसाच्या कमानीसारखे फिरू लागले. "फुल लोडेड आहे, चाचा. मुलींसाठी गुलाबी लाइट पण होते."

गुलाबी लाइट झाला.

जलालभाईंचा आवाज उतरला. धरमसिंग पुढे वाकला.

"माप घेतलं का तू?"

"कम्प्युटरचं माप नसते, चाचा. रेडीमेडच येते."

आर्णीत हा शब्द त्यांच्यासमोर कुणी काढत नाही. फिटिंगला कपडे आणणारेसुद्धा पिशवीवरचं दुकानाचं नाव आत वळवून आणतात.

"पोरीनं चौसष्ट सांगतलं. तुया या रोषणाईत किती आहे?"

"सोळा. पण सोळा भरपूर होते. आमचे सगळे कस्टमर सोळाच—"

"सगळ्या कस्टमरचं पोट सारखं आहे का?"

धरमसिंगाने गुलाबी लाइट बदलून निळा केला. जलालभाई म्हणाले, "ट्रायल दे."

"डेमो फक्त दाखवाले आहे, चाचा. बाहेरची फाइल नाही टाकत आम्ही त्याच्यात."

"म्हणजे कोट पुतळ्याले घालतो, गिऱ्हाइकाले नाही."

तोवर कहकशांने आपली हार्ड डिस्क जोडलीही होती. सॉफ्टवेअर चढायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ जलालभाई उभेच राहिले, चहा नाकारला, आणि धरमसिंगाच्या शर्टाच्या उतरलेल्या खांद्याकडे एकटक बघत राहिले. धरमसिंगाने दोनदा खांदा वर ओढून पाहिला.

शॉट सुरू झाला. मोकळ्या केसांची एक बाई गिरकी घेऊ लागली. अर्ध्या गिरकीत हात वर करून थांबली. दिवे मात्र फिरतच होते.

"फाइलच जड आहे ताईची," धरमसिंग म्हणाला.

आता कहकशां बोलली. बापाचा राग तिच्याकडे जसाच्या तसा आला आहे, फक्त तिचा आवाज उतरत नाही. "फाइल जड आहे म्हणूनच आली ना मी इथं. हलकी असती तर घरीच नसती का केली? मघापासून सांगून राह्यली. काम मले करायचं आहे. एकदा तरी मायाकडे पाहून बोला."

धरमसिंगाने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. ती तिथं नव्हती. ती काउंटरखाली वाकली होती, पाण्याच्या जारखाली ठेवलेल्या एका पोचे पडलेल्या काळ्या डब्यावरचं स्टिकर वाचत.

"याच्यात चौसष्ट आहे."

"थे विकाचं नाही, ताई. कोण्या इंजिनीअरच्या ऑफिसातून जुनं आलं. त्याच्यावर आमची बिलं निघतात."

जलालभाईंनी डोळे मिटले. "शेरवानीच्या कपड्याचं पायपुसणं केलं यानं."

डबा वर आला. कहकशांने पॉवर सप्लायवरचा आकडा वाचला, नवं कार्ड पेलेल म्हणाली, आणि चमकत्या पेटीतलं ग्राफिक्स कार्ड काढून यात बसवायला लावलं. पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजला. बाईने गिरकी पुरी केली, दुसरी घेतली, तिसरीही.

"पण दिसाले कसंतरीच आहे हो," धरमसिंग म्हणाला.

"टेबलाखाली ठेवाचं आहे," जलालभाई पैसे मोजत म्हणाले. "वरात नाही काढाची त्याची."

सोमवारी सकाळी शॉट गेला. दहा वाजता हैदराबादचं उत्तर आलं: केस छान कापलेत, पण एकसष्ट ते सत्तर या फ्रेममध्ये डाव्या कानाची कड थरथरते. दुपारी बारापर्यंत दुरुस्त झालं तर काम तुमचं, नाहीतर दुसऱ्याचं.

"पूर्ण बाई कापून देल्ली थे नाही दिसलं," जलालभाई म्हणाले. "कान दिसला."

तरी चष्मा लावून ते पडद्यावर वाकले. कहकशांने तेवढा तुकडा चालवून दाखवला. त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. मग तिसऱ्यांदा.

"बरोबर म्हणून राह्यले थे. कान वाकडा कापला तू. उसव."

"दहाच फ्रेम आहेत अब्बा, वरून थोडं सारखं करते."

"वरून नाही. उसव."

तिने दहाच्या दहा उसवल्या. जुन्या लॅपटॉपवर दोन दिवस गेले असते. इथं पावणेबाराला नवा कान हैदराबादला पोचला. साडेबाराला पत्र आलं की काम तिचं, पहिले चाळीस शॉट उद्यापासून.

"कानाबद्दल काय लिवलं?" जलालभाईंनी विचारलं.

कानाबद्दल एक अक्षर नव्हतं. याचा मात्र त्यांना संध्याकाळपर्यंत राग होता.