दादारावांच्या पेटीतली मुकी पट्टी

मैत्रिणींनो, आत्ताच वडीगोद्रीहून बारशाचं जेवून आले. हातपाय धुतले आणि आधी हे लिहायला बसले, कारण राहवेना.

नव्वदच्या सुमारास मी टेंभुर्णीच्या शाळेत शिकवायचे. सासरहून माहेरी निघालेल्या लेकीवर मी एक कविता लिहिली आणि भजनी मंडळातल्या दादारावांनी तिला चाल लावली. नेमकी ‘माहेर’ शब्दापाशी त्यांच्या जुन्या पेटीची एक पट्टी वाजायचीच नाही.

"बाई, ही पट्टी बोलतच न्हाई. मंग माहेराला जरा वळसा घेऊन जाऊ," ते म्हणाले. माझा शब्द उगाच लांबवला म्हणून मी केवढी चिडले होते!

दादाराव आता नाहीत. आज त्यांना अण्णा म्हणणाऱ्या त्यांच्या लेकीनं, सुमननं, नातीच्या पाळण्यापाशी तेच गाणं म्हटलं. पेटी कोरी करकरीत, तरी ‘माहेर’ आलं की तोच वळसा!

मी विचारलं, "अगं, तुझ्या पेटीच्या तर सगळ्या पट्ट्या वाजतात. सरळ का नाही गेलीस?"

सुमन हसली. "सरळ गेलं तं माहेर जल्दी येतं, बाई. पण वाटेत आमचे अण्णा भेटत न्हाईत."

तुमच्या घरात आहे का असं एखादं गाणं, ज्यात गेलेलं माणूस अजून वाटेत भेटतं?