हानुसचा किल्ला

आमच्या बेटांवरच्या स्कारवीक गावात माणसाला नाव दोनदा मिळतं. पहिलं पाद्री देतो, डोक्यावर पाणी शिंपडून, आणि ते कागदापुरतं राहतं. दुसरं गाव देतं, आणि त्याला बहुतेक वेळा माणसाची फजितीच कारणीभूत असते. मिक्याल तरुण असताना मेंढ्यांना खरजेच्या औषधात बुचकळायच्या हौदात पडला. ढकलत होता मेंढीला. मेंढी राहिली काठावर आणि हा गेला आत. तेव्हापासून तो हौद्या मिक्याल. आता तो सत्तरीला टेकलाय, गावातलं एकुलतं एक दुकान त्याचं आहे, तरी त्याच्या नातवंडांना शाळेत हौद्याचीच म्हणतात. मेल्यावर थडग्याच्या दगडावरसुद्धा हेच नाव येतं, कारण एकेका नावाची पाच-पाच माणसं तिथे निजलेली असतात आणि आपण त्यातले कोणते हे मेलेल्याला सांगता येत नाही.

त्या दिवशी हौदाच्या काठावर उभं राहून ते नाव पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघालं, तो हानुस.

हानुसचं स्वतःचं नाव मात्र नशीबवान. किल्लेवाला हानुस. बापाची बोट नाही, जमिनीचा तुकडा म्हणजे कड्यावरचं चार मेंढ्यांपुरतं गवत, शिक्षण मास्तरांनी हात टेकेपर्यंत. धंदा जाळी विणायचा. धक्क्यावरच्या माळ्यावर बसून तो दिवसभर फाटकी जाळी सांधायचा आणि सांधताना बोलायचा. आवाज असा, की वारा उत्तरेचा असला तर खाडीपलीकडच्या मेंढ्या मान वर करायच्या. बायको तुरिद म्हणायची, देवाने ह्याला फुफ्फुसं दिली आणि मग डोकं द्यायचं राहून गेलं, कारण तेवढ्यात ह्यानेच देवाला गोष्ट सांगायला सुरुवात केली होती.

किल्लेवाला हे नाव त्याला एका चित्रपटाने दिलं.

तेव्हा आमच्या बेटांवर स्वतःचं टीव्ही केंद्र नव्हतं. गावागावाने मंडळं काढली, वर्गणीतून एक टीव्ही आणि एक कॅसेटयंत्र घेतलं, आणि जी कॅसेट हाताला लागेल ती हॉलमध्ये लावायची. एका हिवाळ्यात वादळामुळे पोलंडची एक मासेमारी बोट धक्क्याला येऊन लागली. त्यांच्याकडे कॅसेटची पेटी होती. मंडळाने मुलांसाठी चित्रांचा, कार्टूनचा सिनेमा मागितला आणि बदल्यात वाऱ्यावर सुकवलेली मेंढीची तंगडी दिली. पोलिश खलाशाने ज्या आनंदाने ती कॅसेट काढून दिली, त्यावरूनच खरं तर समजायला हवं होतं.

पोलिश भाषा कुणालाच येत नव्हती. मग टीव्हीशेजारी उभा राहिला हानुस, एक हात यंत्राच्या बटणावर ठेवून. पडद्यावर अर्धगोल तटबंदी होती, पांढऱ्याशुभ्र बुरुजांची. खाली लाल खंदक. कुदळी घेतलेले काळे खवीस चालून येत होते, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या लांबलचक होडीवर बसून. त्यांच्या म्होरक्याच्या डोक्यावर टोपी. हानुसने त्याचं नाव ठेवलं ड्रुगूर आणि त्याला आवाज दिला पलीकडच्या गावच्या पाद्र्याचा, नाकातला. पोरं पहिल्याच वाक्याला बाकांखाली पडली. हिरव्या ढालीचा एक बुटका शिपाई तटावर एकटाच लढत होता. तो अर्थातच स्कारवीकचा. मध्येच हानुस चित्र थांबवायचा, ड्रुगूरच्या आजीची हकिकत सांगायचा, टॉफ्या वाटायला लावायचा, मग पुन्हा बटण दाबायचा. शेवटी बुरूज ढासळू लागले, शिपाई पडला, आणि वरून पांढऱ्या फेसाच्या लाटा कोसळल्या. खवीस वाहून गेले. हानुस आवाज खाली आणून म्हणायचा, “समुद्र आला, आणि किल्ला वाचला.” खटकन बटण दाबायचा. पडदा काळा.

वर्षानुवर्षं दर हिवाळ्यात पोरांनी तेच मागितलं. त्या पोरांची पुढे लग्नं झाली आणि लग्नातल्या भाषणांत ड्रुगूर येऊ लागला. नवा धक्का बांधला तेव्हा त्याच्या तोंडाशी जो दगड उभा केला त्यावर हेच वाक्य कोरलं, आणि बिशपनेही मान लववली. त्याला वाटलं, बायबलातलं असावं. दमट हवेने कॅसेट केव्हाच कुजून गेली. वाक्य राहिलं, नाव राहिलं.

हे सगळं ठीक चाललं होतं, तोवर हानुसच्या बहिणीची मुलगी मार्युन सॅमन माशांच्या कारखान्यात बोग्नाशेजारी उभी राहिली.

बोग्ना पोलंडची, इथे येऊन बरीच वर्षं झालेली. शिव्या इथल्या, स्वयंपाक तिकडचा. मासे बर्फात रचता रचता मार्युन तिला एकदा किल्ल्याची गोष्ट सांगत होती. ड्रुगूरची टोपी आली तेव्हा बोग्नाचा हात थांबला. पट्ट्यापट्ट्यांची होडी आली तेव्हा ती बर्फाच्या खोक्यावर बसली. मग इतकी हसली की मुकादम बघायला आला.

जेवणाच्या सुट्टीत तिने फोनवर ते शोधून काढलं. मार्युनने चाळीस वर्षांनी आपला किल्ला पाहिला. आधी ऊर भरून आला. मग वाटलं, हे एवढंसं कसं? आठवणीत तर अख्खी संध्याकाळ पुरायचं, आणि इथे कॉफी निवायच्या आत संपत आलं. शेवटी फेस आला. तिने ओठांतल्या ओठांत ते वाक्य म्हटलं. आणि चित्र पुढे चालूच राहिलं. किल्ला लांब जाऊ लागला, लांब गेला, आणि तो एका वेण्या घातलेल्या मुलीचं उघडं तोंड निघाला. तिच्या हातात दात घासायचा ब्रश, आणि खविसांची होडी म्हणजे चोखायची साखरकांडी. शेजारी पांढऱ्या कोटातला डॉक्टर, बोट नाचवत.

“शाळेत दाखवायचे आम्हाला,” बोग्ना डोळे पुसत म्हणाली, “दाताचा डॉक्टर यायचा त्या दिवशी.”

मार्युनची जीभ आपोआप वरच्या कवळीला जाऊन लागली.

त्याच संध्याकाळी ती मामाच्या स्वयंपाकघरात होती. तुरिदने कॉफी ओतली. हानुस खिडकीशी बसून सुई चालवत होता. हात थरथरत असले तरी गाठ अजून मारायचा.

“मामा, तुला ठाऊक होतं?”

“काय?”

“शेवट.”

हानुसने गाठ पुरी केली. मग म्हणाला, मंडळाने कॅसेट आणली तेव्हा यंत्र चालतं का बघायला त्याने ती आधी एकट्याने लावली होती. दाराबाहेर बर्फात पोरं उभी होती, काही तर पलीकडच्या गावातून डोंगर तुडवत आलेली. “डोंगर तुडवून आलेल्या पोराला दात घास म्हणून सांगायचं? मला जमलं नाही.”

“आणि वर टॉफ्या वाटल्यास.”

“त्या तुझ्या आईने आणल्या होत्या.”

तुरिद म्हणाली, तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हा माणूस झोपेतही बोलतो.

पण मार्युन त्यासाठी आली नव्हती. बोग्नाने ही मजा दुकानात सांगितली होती. आणि मिक्यालने लगेच दुकानाच्या दारावर कागद चिकटवला होता: शनिवारी हॉलमध्ये हानुसचा ऐंशीवा वाढदिवस, केक, नाच आणि किल्ल्याचा सिनेमा. त्याखाली जाड अक्षरांत: शेवटासकट.

हानुसने सुई खाली ठेवली. मृत्यूची त्याला फारशी भीती नव्हती. कड्यावरून दोरीला लोंबकळून त्याने पक्ष्यांची अंडी काढली होती. पण थडग्याच्या दगडाची भीती वाटली. त्याने जन्मभर गावाला नावं ठेवली होती आणि एक नाव पुसायला गावाला किती वेळ लागतो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? एक संध्याकाळ. शनिवारनंतर तो दातघाशा हानुस होणार होता. त्याच्या मागे त्याची पोरं दातघाशाची, नातवंडं दातघाशाची. आणि ते नाव जाहीर करायला हौद्या मिक्याल जवळजवळ पन्नास वर्षं थांबला होता.

शुक्रवारी त्याने घसा बसल्याचं सांगितलं. तुरिद म्हणाली, “मेलास तर समजून घेईन. आजारी पडायचं नाही. केक झालाय.”

शनिवारी तो चांदीच्या गुंड्यांचं जाकीट घालून गेला. हॉल खच्चून भरलेला. पुढच्या बाकांवर त्याचीच पोरं, म्हणजे तेव्हाची. आता पन्नाशीची, पोट सुटलेली, चष्मे लावलेली, आणि तरी पूर्वीसारखीच कोपराने एकमेकांना ढोसत बसलेली. भिंतीवर नवा मोठा पडदा होता. हानुस सवयीने शेजारी जाऊन उभा राहिला. पण त्याला बटणच नव्हतं. रिमोट मिक्यालच्या मुठीत होता.

चित्र सुरू झालं. हानुसने तोंड उघडायच्या आत हॉलच बोलू लागला. ड्रुगूर आला तसा सगळा हॉल नाकातून बोलला. पलीकडच्या गावचा तो पाद्री कधीच वारला होता आणि त्याचा नातू तिसऱ्या रांगेत बसून आजोबांचा आवाज सगळ्यांत झकास काढत होता. शिपाई पडला तेव्हा मोठमोठ्या बाप्यांनी नाकं शिंकरली. फेस आला. हॉल एका आवाजात म्हणाला, “समुद्र आला, आणि किल्ला वाचला.”

हानुसचा हात भिंतीवर बटण शोधत फिरला.

मिक्यालने रिमोट छातीशी धरला. किल्ला लांब गेला. तोंड उघडलं. मुलगी हसली, ब्रश फिरला, डॉक्टरने बोट नाचवलं. पडदा विझला.

“बोग्ना,” मिक्याल गोडीत म्हणाला, “तो डॉक्टर काय म्हणाला ते सांग की जरा.”

“रोज दोनदा घासा, म्हणाला.” बोग्नाला आता हे सगळं केल्याचं वाईट वाटत होतं. ती थांबली. मग म्हणाली, “आम्ही हा सिनेमा बघून रडायचो. संपला की दार उघडायचं आणि दारात खरा डॉक्टर असायचा. तुम्हाला दार उघडल्यावर काय मिळायचं?”

“टॉफी,” मागून कुणीतरी म्हणालं.

“बरं, हानुस,” मिक्याल म्हणाला, “आता तू सांग. हे काय होतं?”

हानुसने गावाकडे पाहिलं. घसा खरंच बसलाय की काय असं त्याला क्षणभर वाटलं. मग त्याने तोंडात हात घातला, खालची-वरची कवळी काढली आणि केकशेजारी टेबलावर ठेवली.

“हा माझा किल्ला,” तो म्हणाला. दात नसल्यामुळे शब्द ओले निघाले, पण आवाज तोच होता. “ड्रुगूरने घेतला, पन्नाशीच्या आतच. मला कुणी सांगितलं नव्हतं असं समजू नका. शाळेत मास्तरांनी सांगितलं, नर्सने सांगितलं, आईने चपलेने सांगितलं. तुम्हालाही सांगणारे गावभर होते. ऐकलंत कुणाचं?”

पुढच्या बाकांवर दोघा-तिघांनी जिभेने आपले दात चाचपले.

“मग मी एकट्याने नाही सांगितलं म्हणून काय बिघडलं? आणि तो शेवट सरकारी आहे. सरकारला गोष्ट संपवता येत नाही, मग ते बोट दाखवतं. गोष्ट जिथे संपते तिथे मी थांबवली.”

पहिल्या बाकावरून मार्युन उठली. ह्या पोरीने लहानपणी सगळ्यांत जास्त टॉफ्या खाल्ल्या होत्या. ती टेबलाशी आली, पाठ वळवली, आणि आपली वरची कवळी काढून त्याच्या कवळीशेजारी ठेवली.

“हा उत्तर बुरूज,” ती म्हणाली.

मग जे हसू फुटलं त्याने कॉफीचं भांडं कलंडलं. कुणीतरी हातात हात घालून साखळी धरली, पाय आपटायला लागले, नाच सुरू झाला, आणि हानुसला ओढून आत घेतलं. नाचता नाचता लोक हसत होते हे त्याला दिसत होतं. कशाला हसत होते, ते मात्र कळत नव्हतं. गाव आपल्यासाठी हसतं आणि आपल्यावर हसतं, तेव्हा तोंडं सारखीच दिसतात. नाव दुसऱ्या दिवशी कळतं.

रविवारी सकाळी त्याने लापशी नुसत्या हिरड्यांवर खाल्ली. कवळी हॉलमध्येच राहिली होती आणि आवरताना मिक्यालने ती दुकानात नेली होती. ती आणायला तुरिद जाणार नव्हती. किल्ला तुझा, मोहीमही तुझी, म्हणाली. सोमवारी दुकान उघडल्यावर तो निघाला. वारा पडला होता, कड्यांवर ढग बसले होते, धक्क्याच्या दगडावर एक मोठा समुद्रपक्षी बाकीची पाखरं पिटाळून ऐटीत बसला होता, नेमकी “वाचला” ह्या शब्दावर शिटून. वाटेत दोघं-तिघं भेटले. मान हलवली, हवेबद्दल बोलले. नाव कुणी घेतलं नाही. दुकानदाराच्या आधी घ्यायचं नाही, असं ठरलं असावं.

मिक्याल गल्ल्यामागे उभा होता. हानुस आत आला तरी त्याने एका बाईला बटाटे दिले, मग तिच्या सांधेदुखीची चौकशी केली, मग बटाटे पुन्हा मोजले. सूड सावकाश खायचा असतो, सुकवलेल्या मटणासारखा. बाई काही जाईना. तिलाही ऐकायचं होतं.

शेवटी मिक्यालने फळीखालून कागदाची पुडी काढली आणि गल्ल्यावर ठेवली. तिच्यावर एक नवाकोरा ब्रश ठेवला. हानुसकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. त्याचेही समोरचे दोन दात नव्हते. तोसुद्धा तेव्हा शेवटच्या बाकावर बसायचा, आपण तरुण आहोत आणि पोरांचा सिनेमा बघत नाही असं भासवत.

“किल्लेवाल्या,” तो म्हणाला, “तुझं सामान राहिलं होतं. धुऊन ठेवलंय. ब्रश फुकट नाही हां.”

हानुसने पुडी उघडली, पाठ न वळवता कवळी बसवली, जबडा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून पाहिला.

“हौद्या,” तो म्हणाला, “पावशेर टॉफ्या दे.”