फोनवरचे लाड

माझी मावशी दिसायला गरीब गाय. आवाज इतका बारीक, की भाजीवालाही दोनदा विचारतो, "काय म्हणालात?" पण तिच्याइतकी खुनशी बाई मी दुसरी पाहिली नाही. मला त्याचा अभिमान आहे.

ती संशोधनाचं काम करते. पोरांशी बोलायचं, फोनवरून गोड बोलून कोणी त्यांना जाळ्यात ओढलंय का ते बघायचं. तो माणूस काय बोलून आत शिरला ते शोधायचं, म्हणजे पुढचं पोर वाचेल. बोलताना ती पोरांकडे बघत नाही, लोकरीचा गुंता सोडवत बसते. "टक लावून बघितलं की पोरं मिटतात," म्हणते. घरी आली की उद्यासाठी परत गुंता करून ठेवते. पिशवीभर लोकर आहे, स्वेटर एकही नाही.

आई गेल्यावर मला आणि धाकटीला तिनंच वाढवलं. मी नववीत शाळा सोडली, मोबाइल दुरुस्त करते. धाकटीचा फोन चालू होईना म्हणून दुकानात उघडला. चालू झाला, आणि एकामागून एक मेसेज आले. कुणीतरी 'मामा'. तो फोटो मागत होता. आधीही मागितले होते, आणि त्याला मिळालेही होते.

आम्हाला मामाच नाही.

मी फोन मावशीला दाखवला. तिनं धाकटीला जवळ घेतलं. "मी विचारलं होतं ना गं, कोणी त्रास देतं का? नाही म्हणालीस."

"त्रास कुठं द्यायचा तो? लाड करायचा."

मावशीच्या हातातली लोकर तशीच राहिली. आजवर प्रत्येक पोराला तिनं हाच प्रश्न विचारला होता, आणि आलेलं प्रत्येक 'नाही' खरं धरलं होतं.

मी स्क्रूड्रायव्हर उचलला. "शोधून काढते. एकेक बोट मोडते त्याचं."

"मोड. प्लास्टर निघालं की परत टाइप करेल. बस खाली, भवाने. मला त्याची जीभ पाहिजे."

फोन पोलिसांत दिला. मावशीनं प्रश्न बदलला, "फोनवर तुझे लाड कोण करतं?"

पोरं बोलायला लागली. शाळा वेगळ्या, मामा तोच. वाक्यंही तीच. 'तू किती समजूतदार आहेस.' 'आईला सांगू नको हं, उगाच टेन्शन घेईल.' घरच्यांना सोबत घेऊन मावशीनं सगळं पोलिसांपुढं मांडलं. मामाला धरलं तेव्हा तो म्हणाला, "मी कोणाला त्रास दिलाय?"

मला वाटलं, संपलं. पण धाकटी गप्पच होती. स्वतःलाच दोष द्यायची. मावशी म्हणाली, "तो आत गेला. त्याचं बोलणं अजून बाहेर फिरतंय."

मग ती शाळाशाळांत जायला लागली. हॉलमध्ये उभं राहून त्याच्याच गोड आवाजात म्हणायची, "आईला सांगू नको हं..." आणि पोरांनी ओरडायचं, "का रे मामा, फाटली का?" उत्तर मी शिकवलंय. शाळेतल्या बाई नाकं मुरडतात. मावशीनं शब्द बदलला नाही.

परवा धाकटी आपणहून आली. मागच्या बाकावर, खाली मान, हातात लोकर. मावशीनं तो आवाज काढला. पोरं ओरडायच्या आत मागून बारीक आवाज आला, "का रे मामा?"

मावशीनं कानाला हात लावला. "काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

धाकटी बाकावर चढली. मग जे ओरडली ना, ते त्या मामाला कोठडीत जन्मभर ऐकू येवो.