जी मॅडम, आणि पुढचं मराठीत

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी गेमचा कन्सोल घेतला. भाच्यासाठी नाही, कुणाच्या वाढदिवसाला नाही, माझ्या स्वतःसाठी. दुकानदाराने विचारलं, बच्चे की उम्र क्या है? मी चव्वालीस म्हणून मोकळी झाले. तो बिचारा गोंधळून बघत राहिला. शेजारी बाबा उभे होते, वय अठ्ठ्याहत्तर, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त. चेहऱ्यावरचं हसू न ढळू देता ते मला मराठीत म्हणाले, याला काडीची अक्कल नाही, पण खोका सीलबंद दिसतोय, घेऊन टाक.

दिल्लीतल्या मराठी घरांना ही एक मोठी सोय असते. घराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी बोलायचं, आणि ज्याच्याशी हिंदी बोलतो त्याला त्याच्याच तोंडावर मराठीत नावं ठेवायची. भाजीवाला, डॉक्टर, भाड्याचं घर दाखवणारा दलाल, आम्ही कुणाला म्हणून सोडलेलं नाही. आई तर यात बाबांच्याही वरचढ होती. ती गेल्यापासून आम्ही दोघंच उरलो आणि बाबांचं बोलणं आटत चाललं. बागेत फिरायला येणाऱ्या मंडळींशी भांडण झाल्यावर तर दिवसाकाठी जेमतेम दहा वाक्यं व्हायची, त्यातली चार चहाबद्दल.

खोका मांडीवर घेऊन मी मेट्रोने मयूर विहारला घरी आले. स्टेशनात शिरताना तपासणीच्या जवानाने आत काय आहे विचारलं, तेव्हा बाबांनी गंभीरपणे ‘दफ्तर का सामान’ असं सांगितलं. मला मात्र सगळ्या डब्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं. लहानपणी शेजाऱ्यांकडे व्हिडिओ गेम होता आणि मला फक्त बघायची परवानगी होती. त्या बघत बसण्याचा राग माझ्या मनातून कधी गेलाच नव्हता.

मी घेतलेला खेळ जहाजाचा. चार माणसं आपापल्या घरी बसून, कानाला हेडफोन लावून, इंटरनेटवरून एकच जहाज चालवतात. एकाकडे सुकाणू, एकाकडे शिडं, एकाकडे तोफ, आणि जहाजाला भोक पडलं की चौथ्याने बादलीने पाणी उपसायचं. दिल्लीत धड यमुनेकडे बघवत नाही, आणि मी भर समुद्रात तोफा डागत होते. पहिला गोळा लागला तेव्हा मी सोफ्यावर उभी राहून नाचले. बाबा मागून ‘डावीकडे, अगं डावीकडे’ करायला लागले. तिसऱ्या दिवशी मी दुसरा कंट्रोलर आणि हेडफोन आणला आणि बादली त्यांच्याकडे गेली.

आमची कॅप्टन नोएडाची एक बाई होती. आवाजावरून पन्नाशीची, हिंदी अस्सल दिल्लीची, हुकूम खणखणीत. शिडांवर एक अबोल गृहस्थ होते, ते फक्त ‘ओके’ म्हणायचे. रोज संध्याकाळी सातला आम्ही चौघं जमायचो. कॅप्टन म्हणायची, अंकल, पानी निकालिए. बाबा अदबीने ‘जी मॅडम’ म्हणायचे आणि लगेच मराठीत सुरू व्हायचे. हिला एवढा मोठा खडक दिसत नाही आणि मला शिकवते. आमच्या खात्यात हिला आवक-जावकलासुद्धा बसवलं नसतं. मीही काही कमी नव्हते. हिला समुद्रावर पाठवून हिच्या घरचे सुखाने जेवत असतील, असं मी एकदा म्हटलं, आणि बाबा इतके हसले की उपसायचं राहून जहाज बुडलं. दोन आठवडे हे असंच. बाबा सहापासून चष्मा पुसून तयार बसायचे. ऑफिसातून मी धावतपळत घरी यायचे, कारण उशीर झाला तर ते माझ्यावरही घसरायचे. मी खूश होते. खेळावर होते आणि त्याहून जास्त त्यांच्यावर होते.

मग एका शनिवारी समोरून मोठं जहाज आलं आणि आम्हाला तीन भोकं पडली. बाबा बादली सोडून बडबडत होते, ठोंबी आहे ही, नुसती ठोंबी. तेवढ्यात कॅप्टनचा शांत आवाज आला.

“काका, ठोंबीचं नंतर बघू. आधी पाणी उपसा, गुडघ्यापर्यंत आलंय.”

स्वच्छ मराठी. पुण्याला शोभेल असं. बाबांच्या हातातला कंट्रोलर गळून पडला आणि मी, शिकलीसवरलेली बाई, टीव्हीची वायर उपटून मोकळी झाले.

त्यानंतर बाबांनी खेळाचं नाव काढलं नाही. तोंड दाखवायला जागा राहिली नाही म्हणाले. तिने तुमचं तोंड कुठे बघितलंय, असं मी म्हणून पाहिलं, पण ते हसले नाहीत. रविवारी आणि सोमवारी सात वाजता ते सकाळचाच पेपर परत वाचत बसले. कॅप्टनची मला भीती नव्हती. मला त्या दहा वाक्यांची भीती वाटत होती.

मंगळवारी घरी आले तर टेबलावर मसुदा तयार होता. विषय: जहाजावरील अनुचित शेरेबाजीबाबत दिलगिरी. खाली क्रमांक घातलेले तीन परिच्छेद. हा तिला पाठवून दे म्हणाले. मी म्हटलं, मी शिपाई नाही, तुम्हीच वाचा. सातला हेडफोन लावला तर कॅप्टन हजर होती. बाबा उभे राहिले आणि त्यांनी वाचायला घेतलं. निम्नस्वाक्षरीकाराने मागील दोन आठवड्यांत काय काय केलं ते सगळं त्यात होतं, आणि शेवटी असं पुन्हा घडणार नाही याची हमी होती.

“काका, ती हमी तेवढी मागे घ्या,” ती म्हणाली. “मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. माझ्या घरी सगळे हिंदी बोलतात. आई होती तोवर ती मला दिवसभर मराठीत नावं ठेवायची. आता कुणी ठेवत नाही. मी सातला तेवढ्यासाठी येते.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी कागदाची घडी घातली, सवयीने ‘जी मॅडम’ म्हणाले आणि खाली बसले. जहाज निघालं. ती म्हणाली, बोला ना काका काहीतरी. बाबा म्हणाले, आता कसं बोलू, तुम्हाला कळतंय. पुढची पाच मिनिटं आम्ही इतक्या सभ्यपणे जहाज चालवलं की मला जांभई आली.

आणि मग, लख्ख उन्हात, मोकळ्या समुद्रात होता नव्हता तो एकुलता एक खडक शोधून तिने जहाज त्यावर घातलं. मुद्दाम घातलं असं मी आजही म्हणते, ती कबूल करत नाही. भसाभस पाणी आत आलं. बाबांनी बादली उचलली.

“अगं बाई, डोळे काय घरी कपाटात ठेवून बसलीस? एवढा धोंडा दिसला नाही तुला?”

कॅप्टन हसायला लागली ती थांबेचना. मीही हसत होते, तोफ तशीच सोडून. तेव्हा शिडांवरचे गृहस्थ पहिल्यांदाच ‘ओके’च्या पुढे गेले. अंकल ने क्या बोला, असं त्यांनी विचारलं.

“कुछ नहीं जी,” कॅप्टन म्हणाली. “घर की बात है.”