आईचं नाव कार्डावर घालायचं होतं
त्या कारकुनाला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. तो मेला असला तरी नाही.

साताऱ्याच्या एमायडीसीत एका कारखान्यात मी पॅकिंगला होते. नव्वद सालानंतरची गोष्ट. पगार इतका किरकोळ, की कामगार विम्यासाठी आमच्याकडून कापायलासुद्धा काही नव्हतं. आमच्यासारख्यांना सरकारनंच सूट दिली होती. पण विम्याचं कार्ड होतं, आणि त्यावर म्हाताऱ्या आईबापांना औषधपाणी फुकट. नवऱ्याला सोडून मी आईसोबत खोली करून राहत होते. तिला डाव्या डोळ्यानं धुरकट दिसायला लागलं, म्हणून तिचं नाव घालायचा फॉर्म घेऊन मी कारखान्याच्या ऑफिसातल्या कारकुनाकडे गेले.

"आवं बाई, तुमचा भाऊ मुंबईला हाय न्हवं? आई लेकाच्या कार्डावर. लेकीच्या कार्डावर आई घालत न्हाईत," तो म्हणाला आणि फॉर्म परत सरकवला.

मी बावळट. आमच्याकडं रीतच तशी, तेव्हा कायदाही तसाच असणार, असं धरून चालले. भाऊ तर वर्षात एक पत्रही टाकत नव्हता.

सहा महिन्यांनी माझ्याच खोकल्यासाठी विम्याच्या दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कुणी सांगितलं? मुलीच्याही कार्डावर आई चालते." मी थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसले. आठवड्यात नाव लागलं. पण तपासणीत आईला काचबिंदू निघाला. डावा डोळा गेला होता. आधी आला असतात तर वाचला असता, डॉक्टर म्हणाले. मी घरी येऊन भिंतीवर डोकं आपटलं.

मग मी त्या कारकुनाचा माग काढला. त्यानं स्वतःच्या आईचं नाव स्वतःच्या कार्डावर घातलं होतं, आणि म्हातारी राहत होती थोरल्या, सरकारी नोकरीतल्या लेकाकडे. तिचं खाणंपिणं सगळं थोरलाच बघत होता, आणि कार्डावर तर आपण पोसतो तेच आईबाप चालतात. मी अर्ज केला, खाली माझं नाव लिहून, ठळक. चौकशी झाली, म्हातारीचं नाव कटलं. कारकून माझ्यासमोरून मान खाली घालून जायला लागला. काय सांगू, लय बरं वाटलं!

महिन्याभरानं आईच्या उजव्या डोळ्याचे थेंब घ्यायला आम्ही दवाखान्यात बसलो होतो. कारकुनाची ती म्हातारी आई खिडकीशी आली; माग काढताना मी तिला पाहिलं होतं. दम्याची. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. औषध न देताच कार्ड परत मिळालं, तशी ती माझ्याकडे वळली.

"बाय, वाचून बघ की गं, माझं नाव हाय न्हवं ह्यात?"

"न्हाई," मी म्हटलं. "लेकाला इचारा तुमच्या."

"कोन गं? लय धापा टाकतीया," आईनं विचारलं.

"त्याची आई."

आई हातानं बाक चाचपत बाजूला सरकली आणि म्हणाली, "या, बसा हितं."

मला त्या घटकेला आईचाच राग आला. अजून येतो.