दसऱ्यानंतरची तपासणी

गावी गेलो की पारावर एक प्रश्न ठरलेला असायचा. "काय भाऊ, विमान चालवस का?" मी म्हणायचो, "नाही, तपासतो." विचारणाऱ्याचा चेहरा पडायचा. एकदा एका नानांनी माझी समजूत घालत म्हटलं, "असू दे. पुसता पुसता एक दिन बसू देतीन."

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. पारोळ्याजवळच्या गावातून येऊन देवपूरला खोली घेतली, बी.एस्सी. झालो, आणि पुढे काय करायचं हे सांगणारं कुणी नसल्यामुळे धुळ्याबाहेरच्या धावपट्टीवर शिकाऊ म्हणून लागलो. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. तिथे विमान शिकवणारी एक लहानशी संस्था होती. तिच्याकडे दोन आसनांची दोन विमानं. एक सुट्ट्या भागांची वाट पाहत कायमचं कोपऱ्यात उभं. दुसरं उडायचं. ते माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं होतं, आणि पंख तर कापडाचे.

त्या विमानाचा सगळा भार आबांवर. आबा तिथले परवानाधारक मेकॅनिक. विमान उडण्याजोगं आहे की नाही हे तेच ठरवत आणि सही करत. मला ते नावाने कधी हाक मारत नसत. "ए बी.एस्सी.," म्हणत. मी पुस्तकातलं काही सांगितलं की मान डोलवून म्हणत, "हां, पुस्तकमा बरोबर शे. आते विमानले इचार."

त्यांची तपासायची रीत मला आधी विचित्र वाटे. हात पाठीमागे बांधून ते विमानाभोवती एक फेरी मारत, कशालाही न शिवता. मग जमिनीवर गोणपाट टाकून पोटाखाली झोपत. तेल कुठून कुठे ओघळलंय ते बघत. पंखाचं कापड अंगठ्याने दाबून ते किती ताणलेलं आहे ते बघत. लाकडी भागावर बोटाच्या पेराने टकटक करून ऐकत. धुळ्याचं ऊन रबराच्या नळ्या खाऊन टाकी, म्हणून नळ्या वाकवून भेगा बघत. शेवटी शेपटीजवळच्या झडपेतून नाक आत घालून वास घेत. शेजारच्या शेतात भुईमूग असे आणि उंदरांना शेंगा घेऊन पंखात राहायला आवडे.

मला परवान्याच्या परीक्षेला बसायचं होतं. त्यासाठी फॉर्मवर एक रकाना होता: उमेदवार एकट्याने विमानाची अवस्था पारखू शकतो का. तिथे आबांची सही हवी. फॉर्म दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी मुंबईला टपालात पडायला हवा होता, नाहीतर पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. आबा म्हणाले, "दसरा झाला का दुसऱ्या दिवशी तू एकटा तपास. मी हात लावाव नही. तू उडू दे म्हणशी तर उडी."

खंडेनवमीची पूजा मीच केली. घरी नांगर-वखराची, बैलगाडीची पूजा लहानपणापासून माझ्याकडे असल्यामुळे मला त्यात आत्मविश्वास होता, आणि इतर कशात तो नव्हता. इंजिनला, पंख्याला, चाकांना ओलं हळद-कुंकू लावून अक्षता चिकटवल्या. डाव्या पंखाखाली एक बारीक नळी पुढे आलेली असते. समोरचा वारा तिच्यात शिरतो आणि त्यावरून आतला वेगाचा काटा हलतो. तिला धुळीपासून जपायला कापडी टोपी घालतात. पूजेच्या वेळी तोंड झाकलेलं बरं दिसेना, म्हणून मी टोपी काढली आणि नळीच्या टोकालाही अंगठाभर हळद-कुंकू आणि अक्षता लावल्या. मग टोपी पुन्हा नीट घातली. नारळ फोडला. आबांनी हात जोडले, पेढा खाल्ला, म्हणाले, "पूजा भारी करस रे तू."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी गोणपाट टाकलं. दोन तास तपासलं. आबा खुर्चीत पेपर वाचत होते, म्हणजे निदान पेपर उघडा होता. मी अकरा दोष लिहिले. त्यात एका स्क्रूच्या गंजापासून आसनाच्या उसवलेल्या शिवणीपर्यंत सगळं होतं. नळीवरची टोपी काढली, बाहेरून पिवळं दिसलं ते रुमालाने पुसलं, तेही भक्तिभावाने. खाली लिहिलं: उडण्यास योग्य.

संस्थेत विमान शिकवणारे कॅप्टन आत बसले. धावपट्टीवर विमान पळालं, पळालं, आणि शेपटी उचलल्यावर एकदम मंदावून परत आलं. कॅप्टन उतरून शांतपणे म्हणाले, "वेगाचा काटा शून्यावर आहे. मी काय अंदाजाने उडवू?"

मी "योग्य" लिहिलं होतं.

आबा उठले नाहीत. "शोध," एवढंच म्हणाले.

मी पुस्तकाप्रमाणे सुरुवात केली. आतली काट्यांची फळी उघडली, रबरी नळी सांध्याला गळते का पाहिलं, आणि वेगाच्या काट्याची डबीच बिघडली असं निदान ठरवलं. इतक्या वर्षांचं यंत्र, आतला पडदा गेला असणार. आबांनाही ते पटलं. "जुनं शे. मुंबईले धाडनं पडी," म्हणाले आणि चहा सांगायला ऑफिसात गेले.

डबी सोडवण्यापूर्वी मी बाहेरच्या नळीत नीट डोकावलो. आत पिवळं होतं. टाचणी घालायचा मोह झाला, पण भोकाची कड खरवडली तर वाऱ्याचं माप चुकतं हे मी पुस्तकात वाचलं होतं. म्हणून नळी सोडवून मागून फुंकलं. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा हळदीचा वाळलेला गोळा तळहातावर पडला आणि त्यात तांदळाचा एक अख्खा दाणा.

हँगरमध्ये कुणी नव्हतं. नळी पुसून बसवली असती तर काटा चालला असता, आबा म्हणाले असते, बी.एस्सी.नं दुरुस्त केलं. सही त्याच दिवशी मिळाली असती. मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. चहा येऊन गार झाला होता एवढं आठवतं.

ऑफिसात जाऊन मी हात पुढे केला. "आबा, डबी चांगली आहे. हे नळीत होतं."

त्यांनी चष्मा लावला. "काय शे?"

"अक्षत."

"नळीमा भात?"

"मी लावलं होतं. पूजेत."

आबांनी तो दाणा चिमटीत धरून उजेडात फिरवला. मग म्हणाले, "देवनी पूजा करतस तं नाकमा हळद कोंबतस का रे?"

कॅप्टन खिडकीकडे तोंड करून खोकत होते, तो खोकला नव्हता.

"आते लिख," आबा म्हणाले. "बठ्ठं लिख, काहीच सोडू नको. कोनी करं ते बी."

मी नोंदवहीत लिहिलं: वेगाच्या नळीत पूजेचं साहित्य, शिकाऊ मेकॅनिकने लावलेलं, तपासणीत त्याच्याच लक्षात आलं नाही. आबांनी वाचलं, माझ्या हातातून पेन घेतलं आणि खाली लिहिलं: पूजेच्या वेळी मी उपस्थित होतो, मलाही दिसलं नाही. सही केली. "मी बी तठेच उभा व्हतू, हात जोडीसन," म्हणाले, आणि ते मात्र हसत नव्हते.

फॉर्मवर सही केली नाही. "शुक्रवारलोंग रोज सकाळे तपास. रोज पह्यलेपासून."

मी तपासलं. बुधवारी पंखात उंदराचं घर सापडलं, भुईमुगाच्या टरफलांसकट. गुरुवारी काहीच सापडलं नाही, म्हणून मी तीन वेळा बघितलं. माझं चुकलं तर नाही ना या भीतीने कॅप्टनना पाऊण तास ताटकळत ठेवलं. ते म्हणाले, "अरे, आज शिकवायचंय की उद्या?" आबांनी त्यांना सांगितलं, "बसा कॅप्टनसाहेब. पोरगं घाबरेल शे, ते बरं शे."

शुक्रवारी दुपारी त्यांनी ड्रॉवरमधून फॉर्म काढला, सही केली, आणि शेऱ्याच्या जागेत सावकाश अक्षरात काहीतरी लिहून घडी घालून माझ्याकडे दिला. टपालपेटीपर्यंत मी तो उघडला नाही. तिथे उघडला. लिहिलं होतं: तपासायला फार वेळ लावतो.

ही तक्रार होती की शिफारस, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. फॉर्म पाकिटात परत घातला, पत्ता दोनदा वाचला, पाकीट पेटीत टाकलं आणि ते खरंच आत पडलं का, हे वाकून बघितलं.