चौथ्या मजल्यावर ओढलेली वायर

वाईट दिवसांतलेच किस्से जास्त साचतात, का कोण जाणे. नव्वदच्या दशकात ऐरोलीला आमच्या सोसायटीची केबल जळली, ऐन जानेवारीत. नऊ दिवस लाईट नाही!

*

दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरी कुलकर्ण्यांनी नोटीस लावली, 'लाईट लवकरच येईल.' खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं, 'साल कळवा.' कुलकर्ण्यांनी नोटीस काढून टाकली आणि आमच्याशी बोलणंच सोडलं.

*

पंप बंद, म्हणजे पाणी खालून वर न्यायचं. चौथ्या मजल्यावरच्या सावंतकाकूंना दमा, काका सत्तरीचे. त्यांचं पाणी तळमजल्यावरचे शिंदे चढवायचे. शिंदे साताऱ्याचे, मार्केटमध्ये माथाडी. काका ओशाळले तर म्हणाले, "दिवसभर गोण्या वाहतोय काका, ह्यो हंडा म्हंजे आराम हाय!"

*

काकूंचं वाफेचं मशीन मात्र लाईटवर चालायचं. समोरच्या बिल्डिंगमधल्या म्हात्र्यांनी आपल्या घरातून रस्त्यावरून वायर ओढून दिली. "निस्ती मशीन लावाची हां, दुसरा काय नाय!"

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आमची ही तिळाचा कूट करायला मिक्सर घेऊन वर गेली. काकूच म्हणाल्या, "लाव गो." मीही म्हटलं, पाच मिनिटांत काय होतंय? म्हात्र्यांचा फ्यूज उडाला! म्हात्रे कामावर, घराला कुलूप. दोन तास काकू खिडकीशी बसून श्वास ओढत होत्या. वर मलाच विचारतात, "कूट... झाला रे... बारीक?"

दोन दिवसांनी शिंद्यांनी त्यांना खुर्चीसकट खाली उतरवलं. हॉस्पिटलमध्येच त्या वारल्या. डॉक्टर म्हणाले, मिक्सरचा काही संबंध नाही. मला ते अजून पटत नाही. लाडू आमच्याकडे कुणी खाल्ले नाहीत.

*

नवव्या दिवशी दुपारी आम्ही सावंतांकडे भेटायला गेलो होतो. काकूंना जिथे ठेवलं होतं, तिथे दिवा लावलेला. दहा दिवस तो विझू द्यायचा नाही, म्हणून काका जागचे हलत नव्हते.

आणि एकदम लाईट आली! सोसायटीभर आरडाओरडा, शिट्ट्या! आमच्या डोक्यावरचा पंखा गरगरायला लागला. काकूंना थंडीतही पंखा लागायचा. लाईट गेली तेव्हाचं त्यांचं बटण तसंच चालू राहिलं होतं. दिवा फडफडायला लागला. मी बटणाकडे धावलो.

"हात लावू नको!" काकांनी दोन्ही तळव्यांनी ज्योत झाकली. "तिनं लावलाय पंखा. राहू दे."